बंद पडत पडत बेल्याला

हैदराबादहून यवतमाळ, वर्धा, नागपूरकडे गावी जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आदिलाबाद जिल्हा म्हणजे दोन टोलनाके आणि एक पूल. निर्मल मागे पडलं की नेरेडिगोंड्याजवळचा टोल, मग आदिलाबादचा बायपास, मग पैनगंगा आणि पलीकडे महाराष्ट्र. मुलं मागे झोपलेली असतात, आपल्याला पोहोचायची घाई असते. मीही आजवर आठ-दहा वेळा असाच गेलो असेन. गेल्या मे महिन्यात मात्र या पट्ट्यात आमची गाडी चार वेळा बंद पडली. कुठे, किती वाजता, किती तापमानात, हे बायकोने तिथल्या तिथे लिहून ठेवलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नोंद नसेल तर तो प्रयोगच नव्हे, असं तिचं मत आहे. त्या नोंदींमुळेच पुढचं सगळं जमलं.

आम्ही बेल्याला निघालो होतो. बेला हे आदिलाबाद जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या अलीकडच्या पट्ट्यातलं मंडलाचं गाव. पाट्या तेलुगूत आणि बोलणं मराठीत, असा तो सगळा भाग. आईची थोरली बहीण तिथे राहते. मावसोबा गेल्यावर ती एकटीच होती. आता वय ऐंशीच्या घरात, म्हणून नागपूरला मुलाकडे कायमची जायची होती. घराचा व्यवहार ठरला होता आणि सोमवारी रजिस्ट्री होती. आईला त्या घरात बहिणीबरोबर एकदा राहायचं होतं. शनिवारी पोहोचलो तर दोन रात्री मिळणार होत्या, रविवारी पोहोचलो तर एक. आईने हे हिशेब बोलून दाखवले नाहीत, पण पहाटे पाचला ती चपला घालून दारात बसली होती.

दोघी बहिणी मूळच्या किनवटच्या. आईचा जन्म १९५४ चा. त्या वेळी किनवट हे हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्यं आखली गेली तेव्हा किनवट नांदेड जिल्ह्यात आलं. राजुराही तेव्हाच आदिलाबादमधून निघालं आणि पुढे १९५९ साली चंद्रपूरला जोडलं गेलं. बेला राहिलं ते राहिलंच. त्यामुळे मावशी लग्न होऊन सासरी गेली ती दुसऱ्या राज्यात. तिच्या सासरची भाषा तीच, ज्वारीची भाकरी तीच, फक्त मुलांना शाळेत तेलुगू आलं. आई अजून आदिलाबादला ‘एदलाबाद’ म्हणते. हे शहराचं जुनं नाव.

आता गाडीबद्दल. सात वर्षांची पेट्रोल गाडी. एप्रिलमध्ये ती दोनदा रिंग रोडवर चालता चालता बंद पडली होती. धक्के नाहीत, आवाज नाही. इंजिन एकदम गप्प. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली की काहीच झालं नसल्यासारखी सुरू. शहरातल्या एका गॅरेजने स्कॅनर लावला, त्यात एकही कोड सापडला नाही. मग स्पार्क प्लग बदलले, फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि ७,४०० रुपयांचं बिल दिलं. पुढचे बारा दिवस ऑफिस, शाळा, भाजी या फेऱ्यांत गाडी एकदाही बंद पडली नाही.

आमच्या धंद्यात अशा दोषाला चांगलंच ओळखतात. प्रोग्राम दर वेळी कोसळत असेल तर तो दुरुस्त करणं सोपं असतं. आठवड्यातून एकदा, तेही ग्राहकाकडेच कोसळत असेल, तर त्याला आधी पकडावं लागतं. पकडायचं म्हणजे कोणत्या परिस्थितीत तो घडतो ते शोधायचं आणि ती परिस्थिती मुद्दाम तयार करायची. तसं न करता काही बदललं आणि दोष दिसेनासा झाला, तर तो गेला की नुसता दडून बसला हे कळायला मार्ग नसतो. शहरातल्या वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत नसलेली आणि आदिलाबादच्या रस्त्यावर मुबलक असलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे मे महिन्यातला सलग तासन्‌तासांचा ताप.

पहिला फटका बसला निर्मलच्या पुढे. गोदावरी ओलांडून निर्मल मागे टाकलं की डोंगर लागतो. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी असलेला महबूब घाट याच भागातला. आता चौपदरी रस्ता आहे, चढ पूर्वीसारखा जीव काढत नाही. दोन्हीकडे पानं झडलेला साग. चढावर, मागून ट्रक येत असताना, इंजिन गेलं.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण घरच्यांना घेऊन याच रस्त्याने जातात. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग एकदम जड होतं, पण ते फिरतं; दोन्ही हातांनी जोर लावायचा. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा दाबण्यापुरता शिल्लक असतो, म्हणून ब्रेक पंप करत बसायचं नाही; एकदाच, दाबून, धरून ठेवायचा. किल्ली काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. धोक्याचे चारही दिवे लावून आहे त्या वेगात डाव्या कडेला जायचं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे, तो मुलांनाही पाठ असू द्या. आम्ही कडेला लागलो. मागचा ट्रक हॉर्न देत निघून गेला. सात वर्षांची लेक म्हणाली, “बाबा, गाडी झोपली.” आई काही बोलली नाही, तिने नुसती पदराची गाठ घट्ट केली.

वेळ १०.५०, बाहेर ३९ अंश. वीस मिनिटांत गाडी सुरू झाली.

चढावर बंद पडली म्हणजे पेट्रोल पोहोचत नसेल, असा कुणालाही संशय येईल. तो अगदीच निराधारही नसतो. २०२० च्या सुमारास जगभरात लाखो गाड्या इंधनपंपासाठी परत बोलावल्या गेल्या, कारण पंपातली प्लॅस्टिकची छोटी चक्री पेट्रोल शोषून फुगायची आणि अडकायची. पंप अडकला की इंजिन चालता चालता बंद. म्हणून मी टाकीचं झाकण उघडून पाहिलं, किल्ली अर्धी फिरवून मागच्या सीटखाली पंपाची घरघर ऐकली. ती ठीक होती.

दुसरा फटका सपाटीवर बसला. टोलवर रांग होती, सहा-सात मिनिटं उभं राहावं लागलं. तिथून सुटल्यावर दोन किलोमीटरही झाले नसतील. वेळ ११.४०, ४१ अंश. चढाचा प्रश्न निकालात निघाला. या खेपेला आम्ही बॉनेट उघडं ठेवून पंचवीस मिनिटं थांबलो. बाजूच्या झाडाखाली बायका तेंदूपत्त्याच्या जुड्या बांधत होत्या. त्यांतल्या एका आजींनी आईला हाक मारली, “या जी बाई, सावलीत बसा.” तेलंगणात, हायवेच्या कडेला, सरळ मराठीत. आई तिथे जाऊन अशी बसली, जणू ठरवूनच आली होती. कुंतालाचा धबधबा इथूनच आत आहे, कडेम नदीवर. पावसाळ्यात हैदराबादहून लोक खास येतात. आजी म्हणाल्या, “आत्ता काय पाहाल, नुसता दगड आहे.”

मी डॅशबोर्डखाली ब्ल्यूटूथचा ओबीडी रीडर लावला आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे घेतलेल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा हा सॉकेट असतो. रीडर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि गाडीच्या संगणकाला काय दिसतंय ते आपल्याला दाखवतो. लोक तो फक्त कोड वाचायला वापरतात. कोड म्हणजे गाडीने स्वतः केलेली तक्रार. गाडी तक्रार करत नसेल तर तिचं नुसतं वागणं बघत बसावं लागतं.

इच्चोड्याजवळ आम्ही चहाला थांबलो, मुद्दाम दहाच मिनिटं आणि बॉनेट बंद ठेवून. निघाल्यावर चार मिनिटांत इंजिन गेलं. १२.५५, ४३ अंश. इथे बायकोने वहीवर बोट ठेवलं. सलग चालताना गाडी पाऊण-एक तास टिकते, पण थोडी विश्रांती दिली की लगेच मरते. उलटं वाटतं ना? पण चालत्या गाडीत समोरून वारा येत असतो. गाडी उभी केली, की पंखा आणि वारा थांबतो आणि इंजिनच्या पोटातली उष्णता वर येऊन आजूबाजूच्या वस्तूंत मुरते. पहिली दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. म्हणजे दोष चढाचा नव्हता, वेगाचा नव्हता, एसीचाही नव्हता (तो आम्ही टोलनंतर बंदच ठेवला होता, त्याबद्दल लेकीने रीतसर निषेध नोंदवला). कुठली तरी एक वस्तू एका ठरावीक तापमानाच्या वर गेली की काम सोडत होती.

फोनवरचा आलेख त्याहून बोलका होता. गाडी चौथ्या गिअरमध्ये, वेग ७८. एका सेकंदाला इंजिनचे फेरे २,३००, पुढच्या सेकंदाला शून्य. त्या वेळी वेग ७७.

हे शक्य नाही. गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर चाकंच इंजिनला फिरवत राहतात. पेट्रोल संपो किंवा ठिणगी बंद होवो, फेरे वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवेत. ते एका सेकंदात शून्य झाले याचा अर्थ इंजिन त्या क्षणी फिरतच होतं, पण ते फिरतंय ही बातमी संगणकापर्यंत पोहोचायची थांबली होती. ही बातमी देणारा क्रँकशाफ्टचा सेन्सर असतो. फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर बसलेली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी आणि एक चुंबक, एवढाच त्याचा प्रपंच. दाता पुढून गेला की तारेत विजेचा झटका तयार होतो. ते झटके मोजून संगणक ठरवतो की पेट्रोल कधी उडवायचं आणि ठिणगी कधी पाडायची. झटके थांबले की त्याच्या लेखी इंजिन उभं आहे, आणि उभ्या इंजिनला पेट्रोल कशाला द्यायचं? तो बंद करतो. तक्रारही नोंदवत नाही, कारण इंजिन बंद असणं हा काही दोष नव्हे. पी०३३५ नावाचा कोड याच सेन्सरसाठी असतो, पण अशा वेळी तो उमटेलच याचा भरवसा नाही. गॅरेजच्या स्कॅनरला काही दिसलं नाही ते यामुळे.

पडताळा तिथेच घेतला. बायकोने स्टार्टर मारला, इंजिन घरघरत फिरत होतं आणि फोनवर फेरे शून्य. अर्ध्या तासाने पुन्हा मारला तर फेरे २४० दिसले आणि गाडी सुरू.

तरीही एक प्रश्न उरत होताच: सेन्सर खराब, की त्याची तार, की मधला जोड? तिन्हींचं लक्षण एकच.

चौथ्यांदा गाडी बंद पडली ती गुडीहतनूरच्या चौकाच्या थोडं अलीकडे, २.०५ वाजता. बाहेर ४४ अंश. तिथून ढकलत ढकलत, एका ट्रॅक्टरवाल्याच्या मदतीने, चौकातल्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचलो. शेडमधल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. साठीच्या पुढचे असतील. माझ्याशी ते दख्खनीत बोलले, पोराला तेलुगूत पाना आणायला सांगितला, आणि आईचं बोलणं कानावर पडताच सरळ मराठीवर आले. आईला ते अक्का म्हणाले, आईने त्यांना भाऊ केलं. पाच मिनिटांत पाणी, खाट आणि पंखा.

बॉनेटला हात न लावता त्यांनी आधी प्रश्न विचारले. किती वेळ चालल्यावर बंद पडते? गरम असताना की थंड असताना? थांबल्यावर लवकर सुरू होते की उशिरा? बायकोने वही पुढे केली. ती त्यांनी चष्मा लावून वाचली, आणि मग विचारलं, “सुई कशी पडते?”

“एकदम. शून्यावर,” ती म्हणाली.

“गिअरमध्ये असताना?”

“हो.”

“मग पेट्रोल नाही. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी रडते, गचके देते. ही रडत नाही. डोळे मिटते.”

मला जे कळायला फोन, रीडर आणि आलेख लागला ते या माणसाने डॅशबोर्डवरच्या एका सुईवरून काढलं होतं. मी आलेख दाखवला. तो त्यांना आवडला. पोराला बोलावून त्यालाही दाखवायला लावला.

पुढचं पाऊल त्यांचं. गाडी गरम होती, सुरू होत नव्हती. त्यांनी खालून हात घालून सेन्सरवर ओलं फडकं धरलं, दोन-तीन वेळा पाणी बदललं. पाच मिनिटांच्या आत गाडी सुरू. हे फडकं त्यांच्या तरुणपणापासूनचं आहे. त्यांनी अर्धं आयुष्य अ‍ॅम्बॅसेडर आणि जीपवर काढलं. त्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला असायचा. उन्हाळ्यात घाट चढून आलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं आणि निघायचं. कार्ब्युरेटर गेले, २०१४ मध्ये अ‍ॅम्बॅसेडरही बंद झाली, फडकं तेवढं टिकून आहे. फक्त ते आता दुसऱ्या वस्तूवर ठेवायचं असतं.

“पण हे अर्धंच झालं,” चाचा म्हणाले. थंड केल्याने चालते हे दिसलं. गरम केल्याने मरते हे दिसलं नाही. शिवाय फडक्याचं पाणी जोडावरही गेलं होतं, त्यानेही फरक पडला असेल. त्यांनी दहाचा एकच बोल्ट काढून सेन्सर बाहेर घेतला. पोराला शेजारच्या हॉटेलात पिटाळलं, चहाचं नव्हे, नुसतं उकळतं पाणी आणायला.

पुढची दहा मिनिटं लेकीला अजून आठवतात. स्टीलच्या ग्लासात उकळतं पाणी, त्यात सेन्सरचं टोक, दोन पिनांना माझ्या मल्टिमीटरच्या वायरी. सुरुवातीला रोध ८७० ओम होता. मग ९००, ९५०, एक हजार. इथपर्यंत ठीकच, तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतोच, पन्नास अंशांना साधारण वीस टक्के. १,०२० च्या आसपास आकडा थरथरला आणि मग पडद्यावर नुसता १ उरला. या मीटरच्या भाषेत त्याचा अर्थ तार तुटली. सेन्सर पाण्याबाहेर काढून पंख्यासमोर धरला. काही वेळाने पुन्हा ९७०. परत ग्लासात, परत १. तारेत आत कुठे तरी केसाएवढी भेग होती. तापून भोवतालचं प्लॅस्टिक फुगलं की ती उघडायची, निवलं की मिटायची. गाडीची तार नाही, जोड नाही, दुसरं काही नाही. आमच्या टीममध्ये असा पुरावा कुणी दिला तर त्याला त्या दिवशी सगळे चहा पाजतात. इथेही चहा झाला, त्याच पाण्याचा नव्हे.

सेन्सर गुडीहतनूरला मिळणार नव्हता. आदिलाबाद वीस-पंचवीस किलोमीटर. मी विचारलं, ओलं फडकं बांधून तेवढं जाता येईल का? चाचा ठाम नाही म्हणाले. “एकटे असते तर सोडलं असतं. लेकरू आहे, अक्का आहेत, मागून ट्रक येतात.” त्यांनी पोराला मोटरसायकलवर पाठवलं, जुना सेन्सर खिशात देऊन. पार्ट नंबर फोनवर सांगू का म्हटलं तर म्हणाले, “नंबर नको, वस्तू दाखव. नंबर तोच असतो, वस्तू वेगळी येते.”

यावर मला हसू आलं नाही, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी त्यांना सांगितली. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले कोबाल्ट वगैरे गाड्या अशाच चालता चालता बंद पडायच्या. दोष किल्लीच्या स्विचमध्ये होता. तो इतका सैल होता की जड जुडगा लटकला किंवा गुडघा लागला तरी किल्ली ‘चालू’वरून सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नसत. जॉर्जियातल्या एका अपघाताच्या खटल्यात मार्क हूड नावाच्या इंजिनिअरने अपघातग्रस्त गाडीतला स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच उघडून शेजारी ठेवले. नव्यातली आतली दांडी आणि स्प्रिंग लांब होती, म्हणून किल्ली घट्ट बसत होती. कंपनीने दुरुस्ती केव्हाच केली होती, पण पार्टचा नंबर बदलला नव्हता. त्यामुळे नंबर पाहणाऱ्या कुणालाच जुन्या-नव्यातला फरक दिसला नाही. २०१४ मध्ये त्या स्विचसाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले, आणि २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. आमच्याकडे कोड बदलून आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवला तर बोलणी बसतात. बोलणी का बसायला हवीत हे ज्यांना कळत नाही अशा नव्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “शंभराच्या वर माणसं?” आणि बराच वेळ गप्प राहिले.

पोरगा यायला दीड तास लागला. गुडीहतनूरचा चौक तसा पाहण्यासारखा काही नाही, पण तिथे बसलं की जिल्हा समोरून जातो. एक रस्ता इंद्रवेल्ली, उटनूरकडे फुटतो. तिकडेच केसलापूर आहे, जिथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातले गोंड लोक त्यासाठी गोदावरीचं पाणी घागरीत घेऊन अनवाणी चालत येतात. चाचांनी त्या जत्रेत बंद पडलेल्या किती जीपा सुरू करून दिल्या त्याचा हिशेब नाही. बसमधून उतरणाऱ्या बायका आपसात गोंडी बोलत होत्या, कंडक्टरशी तेलुगू, आणि शेजारच्या बांगडीवाल्याशी मराठी. आईने त्या बांगडीवाल्याकडून मावशीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, मग तिला आठवलं की मावशी आता त्या घालत नाही. तिने त्या परत केल्या नाहीत. रुमालात बांधून पिशवीत ठेवल्या.

साडेचारला सेन्सर आला. चाचांनी तो जुन्याशेजारी धरून दोन्हींची लांबी नखाने मोजली, मगच बसवला. जोडातली धूळ फुंकली, तार दोनदा ओढून पाहिली. मग गाडी जागेवर अर्धा तास तापवत ठेवली, बंद करून दहा मिनिटं बॉनेट लावून ठेवली, आणि तिच्या आवडत्या वेळेला, म्हणजे उष्णता मुरल्यावर, मला चालवायला दिली. चौकापासून पुढे पाच किलोमीटर आणि परत. काही झालं नाही. सेन्सरचे १,१५० रुपये आणि चाचांचे ३००. जास्त घ्यायला ते तयार नव्हते. लेकीच्या हातात त्यांनीच एक पेप्सीकोला ठेवला.

आदिलाबादमधून जैनथवरून बेल्याकडे वळलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नांगरून ठेवलेली काळी रानं, मृगाची वाट बघत असलेली. कापसाच्या मोसमात हाच रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. मावशीचं कवेलूचं घर रस्त्यावरून दिसतं. ती ओट्यावर उभी होती. सकाळी फोनवर ‘दुपारी येतो’ सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती आत-बाहेर करत होती. आईला बघून ती म्हणाली, “काऊन इतका उशीर?” आई म्हणाली, “गाडी झोपत होती.” दोघी आत गेल्या आणि त्या रात्री बारापर्यंत स्वयंपाकघरातला दिवा चालू होता.

जुना सेन्सर लेकीने मागून घेतला. रविवारी मावशीच्या अंगणात, चुलीवरच्या पाण्यात, तिने तो प्रयोग मावशीला करून दाखवला. आकडा १ झाला तेव्हा मावशीने विचारलं, “मग आता हे मेलं का?” लेक म्हणाली, “नाही, थंड झालं की परत येतं.” मावशीने तो सेन्सर हातात घेऊन पाहिला आणि दिवाणखान्यातल्या रिकाम्या झालेल्या फडताळात ठेवला. मंगळवारी घराच्या किल्ल्या देताना तो तिनेच आठवणीने लेकीच्या हातात दिला.

परतीला मावशीही आमच्याबरोबर होती, हैदराबादला महिनाभरासाठी. नागपूरचं तिने पुढे ढकललं. बायकोने वहीत नोंद चालू ठेवली. गुडीहतनूरला चाचांकडे पाणी प्यायला दहा मिनिटं थांबलो, बॉनेट बंद ठेवून. शेवटची नोंद अशी आहे: टोलच्या पुढे, दुपारी १.३५, ४५ अंश, फेरे २,२५०, चालू.